एका खाड्याने काय बिघडते?



जून महिना आला की शाळा उघडते. पहिल्या दिवशी शाळेच्या दाराला तोरण लागते. नव्या मुलांच्या हाती फूल देतात. नवी पुस्तके मिळतात. आई मुलाला न्हाऊ घालते, तेल लावून भांग पाडते. सहा वर्षांचे मूल ऐटीत शाळेत जाते. गुरुजी पटावर त्याचे नाव लिहितात. आईबापांना वाटते, "चला, पोर शाळेत घातलं. आपलं काम झालं."

काम झाले काय? नाही. काम तेथून सुरू होते.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पेरले म्हणजे पीक घरात आले, असे कोणी म्हणत नाही. पेरणीनंतर खुरपणी आहे, पाणी आहे, राखण आहे. शाळेत नाव घालणे ही पेरणी झाली. रोजची हजेरी ही पुढची सारी मेहनत आहे.

मजुरीचा खाडा सर्वांना कळतो. कामावर खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडतात. शाळेतला खाडा तसा दिसत नाही. त्या दिवशी खिशातून एक पैसाही जात नाही. म्हणून तो कोणी मोजत नाही. पण मजुरीचा खाडा एका दिवसापुरता असतो. शाळेतला खाडा पुढचे दोनचार दिवसही खातो. तो कसा, ते आपण या पाठात पाहू.

खाडे कसे पडतात?

कोणतेही मूल एकदम शाळा सोडत नाही. आधी ते एक दिवस घरी राहते. कारण अगदी साधे असते.

"आज बाजार आहे. शेळ्यांकडं कोण बघणार?"

"भांगलणीला बायका लावल्यात. बाळाजवळ कुणीतरी पाहिजे."

"मामा आलाय. आज राहू दे."

"कपडे वाळले नाहीत. एक दिवस नाही गेला तर काय बिघडतं?"

शेताचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकमेकांना आडवी येतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, आणि पेरणीही तेव्हाच. श्रावणात खुरपणी असते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढायचे असते. दिवाळीनंतर कापूस वेचायचा, ऊस तोडायचा. माघ-फाल्गुनात ज्वारी आणि हरभरा काढायचा. मग गावोगावच्या यात्रा आणि लग्नसराई. प्रत्येक वेळी घरात माणूस कमी पडते. बाहेरचा माणूस लावला तर मजुरी द्यावी लागते. घरचे पोर फुकट असते. म्हणून सर्वांत आधी त्याचीच शाळा बुडते.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेचे हजेरीपट सांभाळले. त्या हजेरीपटावरून गावाचे पंचांग वाचता येत असे. कोणत्या वारी बाजार, कोणत्या महिन्यात वेचणी, गावची यात्रा कधी, हे सारे गैरहजेरीच्या खुणांवरून कळे. परक्या माणसाने नुसता तो कागद पाहिला असता, तरी त्याला गावात कोणते पीक होते हे सांगता आले असते.

हिशेब करून पाहू

आता आपण थोडा हिशेब करू. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. पाटी किंवा कागद जवळ घ्या.

वर्षाचे दिवस ३६५. पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान २०० दिवस भरलीच पाहिजे, असा कायदा आहे. त्या २०० दिवसांत ८०० तास शिकवणे झाले पाहिजे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास झाले.

३६५ मधून २०० वजा करा. उरले १६५. काही शाळा २०० पेक्षा थोड्या जास्त दिवस भरतात. तरीही वर्षातले कितीतरी दिवस मूल घरीच असते. रविवार आहेत, सण आहेत, दिवाळीची सुट्टी आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे. घरच्या कामाला मदत करायला हे दिवस आहेतच.

आता समजा, एका मुलाचा दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी खाडा पडतो. आठवड्यातून एकच दिवस. शाळेचे आठवडे साधारण ३६ धरा. झाले ३६ खाडे. यात्रेचे आणि एका लग्नाचे मिळून आणखी चार दिवस धरा. एकूण झाले ४०.

२०० दिवसांतले ४० गेले. राहिले १६०.

पहिली ते पाचवी ही पाच वर्षे. दर वर्षी ४० खाडे. ४० गुणिले ५ बरोबर २००.

शाळेचे पूर्ण वर्ष किती दिवसांचे? २०० दिवसांचे. म्हणजे आठवड्याला एकच दिवस घरी राहिलेले मूल पाच वर्षांत एक सबंध वर्ष घरी राहिले. दाखल्यावर पाच इयत्ता झाल्या. शिकवणे मिळाले चार इयत्तांचे. आणि यात आजारपणाचा एकही दिवस आपण धरलेला नाही.

"आठवड्यातून एकच दिवस तर जातो," असे आपण म्हणतो. तो एक दिवस असा साठत जातो. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे गळतेही.

शिकणे म्हणजे साखळी

तुम्ही म्हणाल, "पाचांतले एक वर्ष गेले, पण चार वर्षांचे तर पदरात पडले ना?" तेही पुरते पडत नाही. त्याचे कारण समजून घ्या.

तुम्ही स्वतः नुकतेच वाचायला शिकला आहात. म्हणून तुम्हाला हे लवकर पटेल. ही दोन अक्षरे पाहा : म आणि ळ. जोडून वाचा. मळ.

आता म ला काना द्या. माळ.

काना काढा, दुसरा उकार द्या. मूळ.

उकार काढा, मात्रा द्या. मेळ.

अक्षरे दोनच. पण एका खुणेने शब्द बदलला. अंगावरचा मळ वेगळा, गळ्यातली माळ वेगळी, झाडाचे मूळ वेगळे आणि खर्चाचा मेळ वेगळा. ज्या दिवशी वर्गात काना शिकवला, त्या दिवशी एखादे मूल शेळ्यांमागे होते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. गुरुजींनी फळ्यावर लिहिले, "माळावर गाय चरते." बाकीच्या मुलांनी वाचले. हे मूल पहिल्याच शब्दाला अडले. त्याला म दिसला, ळ दिसला, मधली उभी रेघ कशाची ते कळेना. त्या दिवशी मूल हजर होते. तरी तो दिवसही त्याच्या कामी आला नाही.

खाडा पुढचे दिवस खातो, तो असा.

गणितात हे आणखी स्पष्ट दिसते. वजाबाकी घ्या. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचे? चार दशकांतला एक दशक सुटा करायचा. त्याचे दहा सुटे झाले. आधीचे दोन मिळवले, झाले बारा. बारातून सात गेले, पाच राहिले. चारातला एक दशक आपण घेतला, म्हणून तीन उरले. तिनातून एक गेला, राहिले दोन. उत्तर आले २५.

ही रीत शिकवायला गुरुजींना दोनतीन दिवस लागतात. काड्यांचे गठ्ठे बांधतात, ते सोडून दाखवतात. त्या दिवसांत घरी राहिलेले मूल काय करते? त्याला दोनातून सात काढता येत नाहीत. म्हणून ते उलटे करते. सातातून दोन काढते, पाच लिहिते. चारातून एक काढते, तीन लिहिते. त्याचे उत्तर येते ३५.

पाहा, दहाचा फरक पडला. वहीत ही नुसती एक चूक झाली. पण हाच मुलगा उद्या दुकानात, बाजारात, सोसायटीत हिशेब करणार आहे. तेथे ४२ रुपयांतून १७ गेले, तर ३५ उरले असे तो म्हणेल.

पुढे भागाकार येतो. भागाकारात वजाबाकी असतेच. वजाबाकी चुकली की भागाकार चुकला. मग सरासरी, व्याज, नफा-तोटा, सगळेच चुकत जाते. साखळीची एक कडी तुटली तर पुढच्या कड्या धड असूनही उपयोग नाही. मोटेचा दोर मध्येच तुटला, तर वरचा दोर कितीही चांगला असला तरी पाणी वर येत नाही.

"त्याला आवडच नाही"

एक खाडा भरून निघतो. गुरुजी पुन्हा सांगतात, मुले सांगतात. पण दर आठवड्याला खाडा पडू लागला की मूल मागे पडते. मागे पडले की काय होते?

ते मागच्या रांगेत बसू लागते. गुरुजी प्रश्न विचारतील म्हणून मान खाली घालते. शेजारच्या मुलाचे पाहून लिहिते. सकाळी शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखते. दहा वाजून गेले की पोट बरे होते. आधी आईबाप त्याला घरी ठेवत होते. आता ते आपणहून घरी राहू लागते.

मग बाप म्हणतो, "त्याला शाळेची आवडच नाही. डोकंच चालत नाही त्याचं."

मंडळी, हे खरे नव्हे. आवड नव्हती म्हणून खाडे पडले नाहीत. खाडे पडले म्हणून आवड गेली. जे कळत नाही ते कोणाला आवडेल? एखादी गोष्ट अर्ध्यातून ऐकली तर आपल्यालाही तीत गोडी वाटत नाही. आपण उठून जातो. मूलही तसेच उठून जाते.

होता होता चौथी-पाचवीत किंवा त्याच्या पुढे शाळा सुटते. तोवर त्याला जेमतेम वाचता येत असते. पुढे वाचण्याचा सराव राहत नाही. दहा वर्षांनी तेही जाते. कधीकाळी शाळेत गेलेला माणूस अंगठा पुढे करतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरील दर १०० माणसांत सुमारे ८२ माणसे साक्षर होती. म्हणजे १०० त १८ माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या १८ जणांत शाळेचे तोंड न पाहिलेले पुष्कळ होते. पण शाळेत जाऊन अर्ध्यातून परत आलेले कोणी नसतील, असे आम्हाला वाटत नाही.

अंगठ्याचे दुःख तुम्हाला ठाऊक आहे. काट्याची पावती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. सातबाऱ्यावर काय लिहिले आहे ते तलाठी सांगेल तेव्हा कळते. बँकेचे पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. औषधाच्या डबीवरची तारीख वाचता येत नाही. तुम्ही मोठ्या वयात, दिवसभर काम करून, रात्री दिव्याखाली बसून अक्षर शिकलात. किती कष्ट पडले ते तुम्हीच जाणता. आपल्या मुलांवर ती वेळ का यावी?

घरचे काम आणि शाळा

"मग मुलांनी घरच्या कामाला हातच लावू नये काय?" असे कोणी विचारील.

आम्ही तसे म्हणत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला शेताची माहिती हवी. घरच्या कामात मदत करणे ही चांगली सवय आहे. प्रश्न एवढाच आहे की ते काम केव्हा करायचे.

बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोठेही कामावर ठेवू नये, असे तो कायदा सांगतो. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्या कामात मदत करू शकते. ते कामही धोक्याचे नसावे. म्हणजे कायद्याने रेघ नेमकी कोठे ओढली आहे पाहा. शाळेची वेळ शाळेची. बाकीची वेळ घराची.

शेळ्यांचे उदाहरण घ्या. एका आळीत पाच घरे आहेत. पाचही घरी दोनचार शेळ्या आहेत. पाच घरांची पाच मुले रोज शेळ्या राखतात. त्याऐवजी पाच घरांनी मिळून एक वडीलधारा माणूस लावला किंवा मोठ्यांनी पाळी वाटून घेतली, तर पाचही मुले शाळेत बसतील. शेळ्यांचे काही अडणार नाही.

मुलींचे खाडे

मुलीचे खाडे मुलापेक्षा निराळ्या कारणाने पडतात. घरात लहान भावंड असते. आई कामाला जाते. मग आठ वर्षांची मुलगी घरची आई होते. ती बाळाला झोपवते, पाणी भरते, भाकरी शेकते. तिला सगळे शहाणी म्हणतात. पण तिची पाटी कोरी राहते.

यावर उपाय आहेत. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत बसू शकते. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. तेथे मुलांना खाऊ मिळतो, गाणी-गोष्टी असतात. त्याहून लहान बाळ असेल तर घरातली आजी, चुलती, शेजारीण यांनी वेळ वाटून घ्यावी. दोन शेजारणींनी एक दिवस तू, एक दिवस मी असे ठरवले, तर दोघींच्या मुली सुटतात.

आईने एक गोष्ट मनाशी धरावी. आपण लहानपणी का शिकलो नाही? बहुतेक जणींचे उत्तर हेच असते की "धाकटी भावंडं सांभाळायची होती." तेच कारण आता आपल्या लेकीच्या वाट्याला येऊ देऊ नये.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. बाजाराचा खाडा एका दिवसाचा. ऊसतोडीचा खाडा पाच-सहा महिन्यांचा असतो.

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे दर वर्षी ऊस तोडायला जातात. अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. मुकादम आधी उचल देतो. मग नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या सुमारास गाडी भरते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच राहावे लागते. मुले बरोबर जातात. कोणी बाळ सांभाळते, कोणी पाणी आणते, कोणी वाढे गोळा करते.

शाळेच्या २०० दिवसांतले निम्मे दिवस येथे जातात. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. दोनतीन वर्षे असे झाले की मूल शाळेत परतत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी कोयता हातात घेते. ज्या उचलीपायी त्याची शाळा बुडाली, तशीच उचल पुढे तेही घेते. आणि त्या उचलीचा हिशेब वाचता येत नाही, म्हणून मुकादम सांगेल तो आकडा खरा धरते.

पोटासाठी गाव सोडावे लागते, हे आम्हाला कळते. जाणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण मुलाची शाळा चालू ठेवण्याच्या काही वाटा आहेत. त्या माहीत करून घ्याव्यात.

पहिली वाट : मुलाला गावातच ठेवणे. घरी आजी-आजोबा असतील तर ते सर्वांत बरे. अशा मुलांसाठी काही गावांत हंगामी वसतिगृह चालते. तेथे मुलांच्या जेवणाची सोय होते. आपल्या गावात ती सोय होईल का, हे दसऱ्याच्या आधीच मुख्याध्यापकांना विचारावे. गाडी भरायच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

दुसरी वाट : जेथे जाल तेथील शाळेत मूल बसवणे. काही कारखान्यांजवळ साखरशाळा चालत आल्या आहेत. त्या नसतील तर जवळच्या गावची शाळा असते. निघताना आपल्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. त्यात मूल कोणत्या वर्गात आहे, काय शिकले आहे, ते लिहिलेले असते. तेथील गुरुजींना ते दाखवावे. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला नाही म्हणू शकत नाही. कायदा तसाच आहे.

तिसरी गोष्ट परत आल्यावरची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला शाळेत न्यावे. "आता दोन महिनेच राहिले, पुढच्या वर्षी बघू," असे म्हणू नये. मागे राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून वेगळे शिकवावे, अशी कायद्यात तरतूद आहे. तो मुलाचा हक्क आहे. तो मागायला संकोच करू नका.

हा विचार जुना आहे

मुलांनी शाळेत आले पाहिजे, हा आग्रह आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात त्यासाठी मोठी माणसे झटली आहेत.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांनी मागणी केली.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९०६ साली ते साऱ्या संस्थानात लागू झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जे आईबाप मुलाला शाळेत पाठवणार नाहीत, त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी गरिबाला रुपया ही लहान रक्कम नव्हती. महाराजांना रयतेचा पैसा नको होता. त्यांना मुले शाळेत हवी होती.

पुढे सरकारनेही हजेरीचे मोल ओळखले. महाराष्ट्रात १९९२ साली गरीब घरांतील काही मुलींना शाळेच्या प्रत्येक हजर दिवसाला एक रुपया भत्ता देण्याचे ठरले. १९९५ साली देशभर पोषण आहाराची योजना आली. तेव्हा महिन्याला तीन किलो धान्य मिळे. पण त्यासाठी १०० तले ८० दिवस हजेरी लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आदेश दिला. त्यानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. आता रोज येईल त्याला रोज ताट मिळते.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. या कायद्यात आईबापांना दंड ठेवलेला नाही. मात्र मुलाला शाळेत घालणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. दंडाची भीती गेली. आता आपली समजच कामाला आली पाहिजे.

घरी काय करावे?

मोठ्या गोष्टी राहू द्या. घरच्या घरी करता येतील अशा थोड्या गोष्टी सांगतो.

घरात दिनदर्शिका असते. ज्या दिवशी मूल शाळेत गेले नाही, त्या तारखेवर फुली मारा. महिना संपला की फुल्या मोजा. दोनपेक्षा जास्त फुल्या दिसल्या तर कारण शोधा. मोजल्याशिवाय खाडा दिसत नाही.

रात्री मुलाला वेळेवर झोपू द्या. दप्तर रात्रीच भरून ठेवायला सांगा. सकाळी काहीतरी खाऊन पाठवा. उपाशी मुलाचे लक्ष पुस्तकात लागत नाही.

संध्याकाळी विचारा, "आज काय शिकलास? वाचून दाखव." आता तुम्हालाही वाचता येते. मुलाने वाचावे, तुम्ही बोट ठेवून पाहावे. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचा, मुलाला ऐकू द्या. तुमचाही सराव होईल.

ताप, गोवर, कांजिण्या असतील तर मूल घरीच ठेवावे. तो खाडा योग्य आहे. पण गुरुजींना निरोप धाडावा. बरे झाल्यावर राहिलेले धडे विचारून घ्यावेत.

मूल शाळेत जायला रडत असेल तर लगेच मारू नका. प्रेमाने विचारा. त्याला फळा दिसत नसेल. कोणी मोठा मुलगा त्रास देत असेल. मागचे कळले नसेल. छडीची भीती असेल. छडी मारायला कायद्याने बंदी आहे. जे कारण असेल ते गुरुजींना भेटून सांगा.

गावाने काय करावे?

प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारातले तीन सभासद मुलांचे आईबाप असावे लागतात. एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे ही समिती तुमचीच आहे. तिच्या सभेला जा. कोणती मुले वारंवार गैरहजर आहेत, ते तेथे विचारा. त्यांच्या घरी दोघे-तिघे जाऊन या. दटावायला जाऊ नका. अडचण विचारायला जा.

पावसाळ्यात वाटेवरच्या ओढ्याला पाणी येत असेल, तर मुलांना पलीकडे नेण्याची पाळी मोठ्यांनी वाटून घ्यावी. गावच्या यात्रेला स्थानिक सुट्टी मिळेल का, ते मुख्याध्यापकांना आधीच विचारावे. म्हणजे यात्रेचा एक दिवस कोणाचाच बुडणार नाही.

आणि गुरुजींकडेही लक्ष असू द्या. शिक्षकाने रोज आणि वेळेवर यावे, मुलांच्या हजेरीबद्दल पालकांना भेटून सांगावे, हे कायद्याने त्याचे काम आहे. तो येत नसेल तर आदराने, पण स्पष्ट विचारा. मुले रोज येऊ लागली की चांगल्या शिक्षकालाही हुरूप येतो. रिकाम्या वर्गात कोणाचे मन लागेल?

विहिरीच्या काठचा दगड तुम्ही पाहिला आहे. दोर मऊ असतो, दगड कठीण असतो. तरी रोज घासून दगडावर खाच पडते. ते एका दिवसाच्या जोराने होत नाही. मुलाची बुद्धी हुशार असो वा साधी, रोज शाळेत बसणारे मूल वाचायला शिकतेच.

उद्या सकाळी मूल म्हणेल, "आज नाही जात." किंवा आपल्याच तोंडी येईल, "आज राहू दे." तेव्हा ४२ मधून १७ ची वजाबाकी आठवा. कदाचित उद्याच गुरुजी ती शिकवणार असतील.

आठवा आणि सांगा

१. शाळेतला एक खाडा पुढचे दिवस कसे खातो?

२. आठवड्याला एक खाडा पडला, तर पाच वर्षांत किती दिवस बुडतात? स्वतः हिशेब करा.

३. ऊसतोडीला जाण्यापूर्वी शाळेतून कोणते पत्रक घ्यावे?

४. गेल्या महिन्यात आपल्या घरच्या मुलाचे किती खाडे पडले? त्यांतला कोणता टाळता आला असता?